जगज्जेता मल्ल गामा

जत्रेत कुस्त्यांचा फड लागला आणि हलगी घुमू लागली की आपण पोरं सगळ्यांच्या पुढं जाऊन बसतो. एखादं पोरगं अंगानं जरा भरलं की म्हातारी माणसं त्याला गामा म्हणून हाक मारतात. पण हा गामा होता तरी कोण? त्याची थोडी माहिती मी इथे देत आहे.

गामाचं खरं नाव गुलाम मुहम्मद बक्ष. त्याचा जन्म २२ मे १८७८ रोजी पंजाबातल्या एका पैलवान घराण्यात झाला. त्याचे वडील अझीझ बक्ष हे दतियाच्या महाराजांच्या पदरी पैलवान होते. दतिया हे झाशीजवळचं संस्थान. आता ते गाव मध्य प्रदेशात आहे. गामा पाच-सहा वर्षांचा असतानाच वडील वारले. पुढे आजोबांनी आणि नंतर मामांनी त्याला सांभाळलं. बिनबापाचं पोर म्हणून त्याला नुसतं मांडीवर घेऊन बसले नाहीत. त्यांनी त्याला तालमीत घातलं. जोर काढायचे, बैठका मारायच्या आणि आखाड्याची माती उकरायची, हा त्याचा नेम झाला.

१८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा भरवली. देशभरातून शेकडो पैलवान आले. त्यांत दहा वर्षांचा गामाही उभा राहिला. म्हणजे आपल्या पाचवीतल्या मुलाएवढा! एकेक मोठा पैलवान दमून बाजूला होऊ लागला. शेवटी पंधराएक जण उरले, त्यांत हा पोरगा होता. त्याचं वय बघून महाराजांनी त्यालाच पहिलं ठरवलं. पण त्यानंतर तो आठवडाभर अंथरुणावरून उठू शकला नाही, असं सांगतात.

मला या गोष्टीतला शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. एका दिवसात जीव तोडून बैठका मारल्या म्हणून गामा गामा झाला नाही. त्यानं तर तो नुसता अंथरुणाला खिळला. गामा झाला तो पुढच्या कितीतरी वर्षांत.

आमच्या कवायतीच्या तासाला बैठका असतात. पन्नासाव्या बैठकीला माझ्या मांड्या भरून येतात. बस करावं, असं वाटतं. असं प्रत्येकालाच वाटतं. व्यायामानं स्नायूंवर ताण पडतो. मग पोटभर अन्न आणि झोप मिळाली की शरीर त्या स्नायूंना आधीपेक्षा थोडं बळकट करून ठेवतं. रोज तेवढ्याच बैठका मारल्या, तर शरीराला तेवढ्याचीच सवय होते आणि ताकद वाढायची थांबते. एकदम फार केलं, तर दुखापत होते. खोंडाला कुणी पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. पण दावणीलाच बांधून ठेवला, तर तो गाडी ओढायला कधीच शिकणार नाही. तसंच आपल्या अंगाचं आहे.

गामा लहानपणी रोज पाचशे बैठका मारी आणि ऐन उमेदीत पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर काढी, असं सांगितलं जातं. मी पाटीवर हिशेब मांडून बघितला. पाचशेवर रोज एकच बैठक वाढवली, तर पाच हजारांवर जायला ४५०० दिवस लागतील. म्हणजे बारा वर्षांच्याही वर! एका बैठकीनं काय होतंय, असं आपल्याला वाटतं. पण रोजची एक बैठक कुठल्या कुठे जाते बघा.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात गामाचं एक गोल चक्र ठेवलेलं आहे. जात्याच्या तळीला असतं तसं त्याला मधे भोक आहे. गामा ते गळ्यात घालून बैठका मारी. त्याचं वजन ९५ किलो आहे. म्हणजे जवळजवळ जोंधळ्याचं भरलेलं पोतंच! नुसत्या बैठका सोप्या वाटू लागल्यावर माणसाला असं ओझं वाढवावं लागतं.

कुस्तीतही त्यानं सोपा गडी शोधला नाही. त्या काळी रहीम सुलतानीवाला हा नामांकित पैलवान होता. उंची जवळजवळ सात फूट. गामा त्याच्यापेक्षा फूटभर तरी ठेंगणा. १८९५ साली सतरा वर्षांच्या गामानं त्याच्याशी कुस्ती धरली. ती बरोबरीत सुटली. पुढेही रहीम त्याला हार जाईना. तरी गामानं त्याचा नाद सोडला नाही. शेवटी अलाहाबादच्या कुस्तीत गामानं बाजी मारली.

१९१० साली गामा लंडनला गेला. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. मग त्यानं तिथल्या पैलवानांना जाहीर आव्हान दिलं. अमेरिकेचा रोलर पुढे आला, त्याला त्यानं हां हां म्हणता चीत केलं. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची मोठी कुस्ती झाली. इथे आपली लाल माती नव्हती, गादी होती. झिबिस्को गादीला चिकटून जो पडला, तो उठेचना. असे सुमारे अडीच तास गेले आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. निकालाची कुस्ती १७ तारखेला ठरली होती, पण झिबिस्को आलाच नाही. जगज्जेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळाला तोच झिबिस्को पुन्हा समोर आला. तेव्हा गामा पन्नाशीला टेकला होता, तरी त्यानं एका मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखवलं. याचा अर्थ, पट्टा मिळाल्यावर अठरा वर्षं त्यानं मेहनत सोडलेली नव्हती.

आपल्या कोल्हापूरशीही या घराण्याचा संबंध आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं, तेव्हा गामाचा धाकटा भाऊ इमाम बक्ष तिथे लढला होता.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. गामा लाहोरला राहत होता. गावोगाव दंगली पेटल्या होत्या. त्याच्या गल्लीत हिंदू कुटुंबं राहत होती. घराचं दार लावून आत बसणं त्याला अगदी सोपं होतं. पण जमाव चालून आला तेव्हा सत्तरीच्या घरातला गामा आपले पैलवान घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि पुढे त्या शेजाऱ्यांना त्यानं सुखरूप सरहद्दीपर्यंत पोचवलं, असं सांगतात. मला वाटतं, पट्ट्यापेक्षा ही कुस्ती मोठी. जन्मभर कमावलेली ताकद त्या दिवशी कामाला आली.

शेवटची वर्षं आजारपणात काढून २३ मे १९६० रोजी गामा लाहोरला वारला.

मित्रांनो, आपल्याला पाच हजार बैठका मारायच्या नाहीत. पण जिथे बस करावंसं वाटतं, तिथे आणखी एक मारून बघायला काय हरकत आहे? गुडघा किंवा कंबर दुखली, तर मात्र थांबावं आणि गुरुजींना सांगावं. ही गोष्ट मुलींनाही तेवढीच लागू आहे. पाढे पाठ करतानाही असंच थोडं पुढे सरकता येतं, हे मी करून बघितलं आहे. आणि जमलेल्या पालकांना विनंती, की पोरगं अंगणात धापा टाकत बैठका मारताना दिसलं, तर त्याला हसू नका. जवळ बसून मोजून द्या, आणि नंतर पेलाभर दूध द्या.

– इयत्ता सातवी