डिग्री नसलेला इंजिनिअर : ऑलिव्हर हेविसाइड

स्किन इफेक्ट म्हणजे काय हे व्हायव्हाला हमखास विचारतात. एसी करंट कंडक्टरच्या बाहेरच्या भागातून जास्त वाहतो, असं ठरलेलं उत्तर आपण देतो आणि सुटतो. पण १८८५ साली कोणत्याही आकाराच्या कंडक्टरसाठी हे ज्याने मांडलं, त्याचं नाव कुणी विचारत नाही.

ऑलिव्हर हेविसाइडचा जन्म १८५० साली लंडनला झाला. घरची गरिबी, त्यात लहानपणच्या आजाराने ऐकू कमी यायचं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. काही वर्षं टेलिग्राफ ऑपरेटर होता. चोविसाव्या वर्षी तीही नोकरी सोडून स्वारी घरी बसली, मॅक्सवेलचा जाडजूड ग्रंथ वाचत! (आपल्या घरी हे चाललं असतं का?) मॅक्सवेलची समीकरणं आज आपण चार ओळींत लिहितो, ते रूप मुख्यतः यानेच दिलं. इंपीडन्स हा शब्दही त्याचाच.

त्याचं म्हणणं असं की एनर्जी तारेच्या आतून ढकलली जात नाही, ती बाहेरच्या फील्डमधून तारेत शिरते. एसीमध्ये ती खोलवर पोचायच्या आत दिशाच उलटते, म्हणून मधलं तांबं जवळजवळ बसून खातं. तांब्यात ५० हर्ट्‌झला ही खोली जेमतेम ९ मिलिमीटर. त्यामुळे हाय व्होल्टेज केबल नुसती जाड करून भागत नाही. मोठ्या केबलमध्ये कंडक्टरचे संत्र्याच्या फोडींसारखे भाग करतात, मध्ये इन्सुलेशन घालतात आणि प्रत्येक फोडीतल्या तारांना पीळ देतात. म्हणजे प्रत्येक तार आळीपाळीने आत-बाहेर होते आणि सगळं तांबं कामाला लागतं. याला मिलिकन कंडक्टर म्हणतात.

टेलिफोन लाइनमध्ये इंडक्टन्स वाढवला तर आवाज स्पष्ट जाईल, हेही हेविसाइडने सांगितलं. पण ब्रिटिश पोस्ट ऑफिसचे बडे अधिकारी विल्यम प्रीस यांना ते मुळीच पटलं नाही आणि १८८७ साली त्यांनी त्याचा पेपर अडवला. पुढे अमेरिकेत प्युपिनने त्याच कल्पनेवर पेटंट घेऊन भरपूर पैसा कमावला. मला तर हे वाचून प्रीससाहेबांचा रागच आला.

१८९१ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. शेवटची वर्षं टॉर्कीला एकटाच राहायचा. १९२२ साली पहिलं फॅरडे मेडल त्याला मिळालं. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९२५ मध्ये, टॉर्कीलाच तो वारला.