नाथमाधव

सिंहगडाचा कडा महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इ. स. १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात कडा चढून गडावर गेले व त्यांनी तो गड स्वराज्यात आणला. पुढे सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी याच गडाच्या कड्यावरून मुंबईचा एक तरुण खाली कोसळला. त्याचे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. मराठी वाचक त्यांना नाथमाधव या नावाने ओळखतात. स्वतःच्या नावातील ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातील ‘माधव’ यांपासून हे टोपणनाव तयार झाले.

नाथमाधवांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईस झाला. शिक्षण आटोपल्यावर त्यांनी कुलाबा येथील तोफांच्या कारखान्यात नोकरी धरली. शिकारीचा त्यांना मोठा नाद होता. रानावनांतून हिंडावे, डोंगर चढावेत, सावजाचा माग काढावा, यांत त्यांना आनंद वाटे. लेखणी हाती धरून पोट भरावे, असे त्या वेळी त्यांच्या मनातही आले नसेल.

अशा ऐन उमेदीच्या काळात सिंहगडावरील तो अपघात घडला. प्राण वाचले, पण कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. ज्या पायांनी डोंगर तुडवले, ते पाय आता उभेही राहीनात. नोकरी गेली, शिकार संपली. पुढचे सारे आयुष्य कसे कंठावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. अशा प्रसंगी भलेभले खचून जातात. नाथमाधव मात्र खचले नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ग्रंथांची संगत धरली. वाचता वाचता आपणही लिहावे, अशी इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झाली.

इ. स. १९०८ मध्ये त्यांची ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यानंतर ‘सावळ्या तांडेल’, ‘वीरधवल’, ‘सोनेरी टोळी’, ‘डॉक्टर’ अशा अनेक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांतील ‘वीरधवल’ विशेष गाजली. अद्भुत घटना, पराक्रमाचे प्रसंग आणि पुढे काय होणार ही उत्कंठा यांमुळे ती हाती घेतलेला वाचक ती संपल्याखेरीज खाली ठेवीत नसे. ‘डॉक्टर’ या कादंबरीत त्यांनी आपल्या काळातील सामाजिक प्रश्नांचा विचार केला.

पुढे नाथमाधवांनी शिवकालाकडे दृष्टी वळवली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ अशी एकामागून एक पुस्तके लिहून त्यांनी शिवाजीमहाराजांच्या कार्याची कथा वाचकांपुढे मांडली. त्या काळी देश पारतंत्र्यात होता. इतिहासाचे जाडजूड ग्रंथ ज्यांच्या हाती कधी येत नसत, अशा वाचकांना या कादंबऱ्यांनी गडकोट आणि मावळे यांच्या जगात नेले. ज्या गडाने लेखकाचे पाय हिरावून घेतले, त्याच गडाचे स्वराज्य त्याच्या लेखणीचा विषय झाले.

२१ जून १९२८ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, नाथमाधवांचे निधन झाले. काळाबरोबर वाचकांची आवड पालटली. नव्या लेखकांच्या नव्या तऱ्हेच्या कादंबऱ्या आल्या आणि एके काळी घरोघरी ठाऊक असलेले हे नाव मागे पडले. त्यांच्या कथांतील योगायोग पुढील वाचकांना फार वाटले, हेही खरे. तथापि, सामान्य माणसाला वाचनाची गोडी लावणाऱ्या लेखकांत त्यांची गणना केली पाहिजे. अपघातानंतरच्या सुमारे वीस वर्षांत, एक पाऊलही टाकता येत नसताना, त्यांनी हजारो वाचकांना दूरदूरच्या रानांतून, सागरांवरून आणि गडांवरून फिरवून आणले.