काचेच्या माशाला नाव देणारे डॉक्टर : फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन



शोभेच्या माशांच्या दुकानात तुम्ही मुलांना घेऊन गेला असाल, तर एक मासा नक्की पाहिला असेल. दोन-तीन इंचांचा, चपटा, आणि आरपार दिसणारा. पाठीचा कणा मोजता येतो, काटे दिसतात, पोटाजवळ एक चंदेरी पिशवी दिसते. तिच्यात त्याचं आतडं वगैरे सगळं असतं. बाकीच्या अंगात रंगद्रव्य जवळजवळ नाहीच, त्यामुळे उजेड आरपार जातो. मुलं हमखास विचारतात, हा काचेचा आहे का? दुकानदारही त्याला ग्लास फिशच म्हणतो.

हा मासा परदेशी वाटतो ना? तो अगदी आपला आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या तळ्यांत, ओढ्यांत, भाताच्या खाचरांत तो पूर्वापार राहतो. त्याचे भाऊबंद आशियाच्या किनाऱ्यांवर, खाड्यांत आणि गोड्या पाण्यातही आहेत. बंगालमध्ये त्याला चांदा म्हणतात. (आपल्या चंद्रपूरचं जुनं नावही चांदाच, पण त्याचा या माशाशी संबंध नाही, मुलं विचारतील म्हणून आधीच सांगून ठेवतो.) आणि गंमत अशी की विज्ञानाच्या पुस्तकातही त्याचं नाव चंदाच आहे. चंदा नामा. चंदा रंगा. लॅटिनच्या थाटात लिहिलेली ही बंगाली नावं ज्यांनी ठेवली, त्या माणसाची गोष्ट आज सांगायची आहे.

फ्रान्सिस बुकानन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७६२ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. वडील डॉक्टर. मुलगाही एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकला आणि १७८३ मध्ये पदवीधर झाला. पण तिथे त्यांना जॉन होप नावाचे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक भेटले. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्रत्येक जिवाला दोन शब्दांचं नाव देण्याची जी पद्धत घालून दिली, ती स्कॉटलंडमध्ये सुरुवातीला शिकवणाऱ्यांपैकी हे होप. पदवी वैद्यकाची मिळाली, पण मन झाडापानांत अडकलं ते कायमचं. शिक्षक म्हणून मला इथे थोडं थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही, पुढे बरंच आहे.

काही वर्षं त्यांनी व्यापारी जहाजांवर डॉक्टर म्हणून आशियाच्या फेऱ्या केल्या आणि १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या वैद्यकीय सेवेत आले. लगेच पुढच्या वर्षी कॅप्टन सिम्स यांच्यासोबत ब्रह्मदेशाच्या राजाकडे, आव्याला गेले. नाव शल्यवैद्याचं, काम मात्र वाटेतली झाडं गोळा करण्याचं. परत आल्यावर त्यांची नेमणूक झाली मेघना नदीच्या मुखाकडच्या लक्ष्मीपूरला, म्हणजे आजच्या बांगलादेशात. तिथे त्यांनी मासे बघायला सुरुवात केली.

मेघनेच्या त्या भागात जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हेच नीट कळत नाही. माणसं मासे धरून, मासे खाऊन, मासे विकून जगतात. अशा ठिकाणी नव्या माणसाने माशांची माहिती कोणाला विचारायची? कोळ्यांनाच की! बुकानन यांनी तेच केलं. जाळ्यात काय आलं ते बघायचं, त्याला इथले लोक काय म्हणतात ते विचारायचं, आणि ते नाव तसंच लिहून घ्यायचं. ही सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान पडला. कंपनीच्या हाती नवा मुलूख आला आणि गव्हर्नर जनरल वेलस्ली यांना त्याची खडान्‌खडा माहिती हवी झाली. काम बुकानन यांच्याकडे आलं. १८०० च्या एप्रिलमध्ये ते मद्रासहून निघाले. म्हैसूर, मलबार, कानडा असा फिरत फिरत हा माणूस गोकर्ण-कारवारपर्यंत, म्हणजे गोव्याच्या वेशीपर्यंत आला. शेत कसं नांगरतात, बी किती लागतं, मजुरी काय मिळते, लोखंड कसं गाळतात, विणकर काय विणतो, सगळं त्यांनी टिपलं. १८०७ मध्ये ते तीन खंडांत छापलं गेलं. दक्षिणेच्या शेतीचा इतिहास लिहिणारे आजही ते खंड उघडतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही पाहणी काही निव्वळ ज्ञानासाठी नव्हती. जमीन किती पिकते हे कळलं की सारा किती बसवायचा हे कळतं. बुकानन कंपनीचे नोकर होते आणि कंपनीला तेच हवं होतं. शिवाय इथल्या लोकांबद्दल, विशेषतः ब्राह्मणांबद्दल आणि देवळांबद्दल, त्यांनी अनेक ठिकाणी फार कडवट लिहिलं आहे. मुलांपुढे थोर माणसाचं चरित्र ठेवताना आपण असा भाग गाळतो. मला वाटतं, मोठ्या वर्गात तरी गाळू नये. मुलांना तो पेलतो.

त्यानंतर ते १८०२-०३ मध्ये नेपाळला गेले. तिथून आल्यावर वेलस्लींचे खासगी डॉक्टर झाले आणि कलकत्त्याजवळ बराकपूरला देशातले प्राणी-पक्षी गोळा करून अभ्यासण्याची एक संस्था निघाली, ती त्यांच्याकडे सोपवली गेली. तिथल्या पिंजऱ्यांतल्या प्राण्यांची चित्रं हलुदार नावाच्या बंगाली चित्रकाराने काढली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ती अजून आहेत. त्याच्याबद्दल नावापलीकडे फारसं कोणी लिहून ठेवलं नाही. बराकपूरचे प्राणी पुढे १८७६ मध्ये उघडलेल्या अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेले.

आता मुख्य कामाकडे येऊ. १८०७ ते १८१४ अशी सात वर्षं बुकानन यांनी बंगाल आणि बिहारचे जिल्हे पायाखाली घातले. दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा-गया, शाहाबाद आणि शेवटी गोरखपूर. थंडीत आणि कोरड्या दिवसांत फिरायचं, पावसाळ्यात एका जागी मुक्काम करून लिहायचं. कंपनीने दिलेल्या कामांच्या यादीत मासेमारी हाही विषय होता. बुकानन यांना तेवढं निमित्त पुरे झालं. प्रत्येक जिल्ह्यात नदी बदलली की मासे बदलतात, आणि एकाच माशाचं नावही गावागणिक बदलतं. त्याच पायपिटीत बडगावजवळचे भलेमोठे विटांचे ढिगारे त्यांनी पाहून नोंदवले. ते नालंदा विद्यापीठाचे अवशेष होते, पण हे त्यांना माहीत नव्हतं. ती ओळख कितीतरी वर्षांनी दुसऱ्यांनी पटवली.

१८१४ मध्ये त्यांना कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचं प्रमुखपद मिळालं. विल्यम रॉक्सबर्ग यांची ही जागा. ज्या माणसाने विद्यार्थिदशेपासून वनस्पतींवर जीव लावला त्याला ती केव्हाच मिळायला हवी होती, असं मला वाटतं. मिळाली तेव्हा वय बावन्न आणि तब्येत पार ढासळलेली. जेमतेम वर्षभरात, १८१५ मध्ये, ते मायदेशी निघाले.

आणि निघताना तो प्रसंग घडला. वीस वर्षांत इथल्या चित्रकारांकडून करून घेतलेली झाडांची, प्राण्यांची, माशांची चित्रं त्यांना सोबत न्यायची होती. विलायतेत बसून त्यांवरून पुस्तकं लिहायची होती. गव्हर्नर जनरल तेव्हा लॉर्ड मॉइरा, पुढे ज्यांना मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज म्हणू लागले ते. त्यांनी ही चित्रं कलकत्त्यातच ठेवायला लावली. कायद्याने पाहिलं तर कंपनीच्या पगारावर केलेलं काम कंपनीचं, हे म्हणता येईल. पण तुम्ही वीस वर्षं वह्या भरल्या आणि निवृत्तीच्या दिवशी कोणी म्हणालं की वह्या इथेच ठेवा, तर कसं वाटेल? बुकानन यांना ते फार लागलं. चित्रं कलकत्त्यात राहिली आणि ज्याला ती कळत होती तो माणूस स्कॉटलंडला गेला.

घरी गेल्यावर आईकडची मालमत्ता त्यांच्याकडे आली आणि त्यासोबत त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव घेतलं. यामुळे पुढे केवढा घोळ झाला विचारू नका. आधीची पुस्तकं बुकानन नावाने, नंतरची हॅमिल्टन नावाने. त्यांनी स्वतः मुखपृष्ठावर हॅमिल्टन, पूर्वीचे बुकानन, असा खुलासा छापला. वनस्पतिशास्त्रात आज त्यांचं जोडनाव चालतं आणि माशांच्या शास्त्रात नुसतं हॅमिल्टन. दोन वेगळी माणसं आहेत असं समजणारे भेटतात.

१८२२ मध्ये एडिंबरोहून त्यांचं माशांचं पुस्तक निघालं. विषय गंगा आणि तिच्या शाखांमधले मासे. त्यात अडीचशेहून अधिक माशांची वर्णनं आणि ३९ चित्रपट्ट आहेत. यांतले शंभराहून जास्त मासे शास्त्राला तोवर माहीतच नव्हते. आणि नावं बघा. रोहिता, कटला, मृगला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही धरणाच्या काठी मासेवाल्याला विचारा, तो रोहू, कटला, मृगळ हीच नावं सांगेल. ती या पुस्तकातून शास्त्रात गेली. हिल्सा माशाचं इलिशा हे नावही इथलंच. कोसी नदीतल्या एका चिमुकल्या पट्टेरी माशाला त्यांनी रेरिओ म्हटलं. तोच आजचा झेब्राफिश. जगभरच्या प्रयोगशाळांत आज तो हजारोंनी पाळला जातो, आणि २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला.

त्या काळी साहेबलोक नव्या जिवाला ग्रीक-लॅटिन नाव देत, नाहीतर एखाद्या सरदाराचं. यांनी कोळ्याने सांगितलेलं नाव ठेवलं. मासे दाखवणाऱ्या त्या कोळ्यांची स्वतःची नावं मात्र पुस्तकात नाहीत.

याच पुस्तकात आपले काचमासे चंदा या कुळात आले. वर्गात एक गंमत करून बघा. फळ्यावर दोन ओळी लिहा. पहिली : चंदा नामा, हॅमिल्टन, १८२२. दुसरी : पॅराम्बासिस रंगा, कंसात हॅमिल्टन, १८२२. मुलांना विचारा, दुसरीकडेच कंस का? उत्तर सोपं आहे. ज्याने नाव दिलं त्याने ठेवलेल्या प्रजातीतून मासा पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवला गेला, तर नाव देणाऱ्याला कंसात लिहायचं, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. रंगा पुढे पॅराम्बासिसमध्ये गेला. चंदा प्रजातीत आता नामा एकटाच उरला आहे. हा नामा दिसायला नाजूक, पण त्याचा खालचा जबडा पुढे आलेला आणि दात वाकडे असतात. इतर माशांच्या अंगावर झडप घालून तो त्यांचे खवले ओरबाडून खातो! रंगा मात्र पाण्यातले बारीक किडे आणि डासांच्या अळ्या खाऊन राहतो.

फ्रान्सिस हॅमिल्टन १५ जून १८२९ रोजी वारले. बंगाल-बिहारच्या पाहणीचे त्यांचे प्रचंड अहवाल हस्तलिखितातच पडून होते. १८३८ मध्ये त्यांतला मोठा भाग तीन खंडांत छापला गेला, पण मुखपृष्ठावर नाव होतं संपादक माँटगोमेरी मार्टिन यांचं. चित्रं गेली ती जिवंतपणी, आणि अहवालावरचं नाव गेलं ते मेल्यावर. थोडं समाधान इतकंच की एका ठिपकेवाल्या कासवाला, एका बांबूला आणि एका छोट्या पक्ष्याला त्यांचं नाव मिळालं. हा राखाडी मानेचा भारीट, म्हणजे एम्बेरिझा बुकाननी, हिवाळ्यात आपल्या दख्खनच्या माळरानांवर पाहुणा येतो.

जाता जाता पालकांना एक सांगतो. दुकानात कधी काचमाशांच्या पाठीवर गुलाबी, हिरव्या, निळ्या भडक रेघा दिसतात. या रेघा जन्माच्या नाहीत. सुईने अंगात रंग टोचलेला असतो. त्यात पुष्कळ मासे दगावतात, वाचलेले लवकर आजारी पडतात, आणि काही महिन्यांत तो रंगही उडून जातो. मूल हट्ट करेल, तरी तो घेऊ नका. बिनरंगाचा घ्या, एकटा न घेता पाच-सहा घ्या, कारण त्यांना घोळक्यात राहायची सवय असते. टाकीमागे काळा कागद लावा आणि मुलांना कण्याचे मणके मोजायला बसवा. मासा एका जागी थांबत नाही, त्यामुळे प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.