माल्थस आणि लोकसंख्येचा नियम

थॉमस रॉबर्ट माल्थस याचा जन्म इ. स. १७६६ मध्ये इंग्लंडातील सरे परगण्यात झाला. केंब्रिज येथे गणिताचे अध्ययन करून तो धर्मोपदेशक झाला. मानवजातीची उन्नती अखंड होत राहील, असे त्याच्या वडिलांना वाटे. पुत्राला ते पटेना. या वादातूनच १७९८ साली त्याचा लोकसंख्येवरील सुप्रसिद्ध निबंध जन्मास आला.

लोकसंख्या १, २, ४, ८ अशी वाढू पाहते. अन्न मात्र १, २, ३, ४ असेच वाढते, हे त्याचे प्रतिपादन होते. त्यास आधार मिळाला तो इंग्रजांनी अमेरिकेत वसविलेल्या वसाहतींचा. तेथे जमीन विपुल, अन्न मुबलक आणि विवाह लवकर होत. त्यामुळे वस्ती सुमारे २५ वर्षांत दुप्पट होत असे. लोकसंख्येच्या निर्वेध वाढीचे हेच माप माल्थसने मानले.

परंतु ती भूमी निर्मनुष्य नव्हती. मूळ रहिवाशांना हुसकावूनच वसाहती पसरत होत्या. माल्थसच्या नजरेतून हे सुटले नाही. त्यांना उपासमारीच्या कोपऱ्यात लोटणे नीतीला धरून आहे काय, अशी शंका त्याने १८०३ च्या आवृत्तीत उपस्थित केली.

१८०५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात त्याची नेमणूक झाली. हिंदुस्थानात येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना तो १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत अर्थशास्त्र शिकवीत होता.

पुढे अन्नाचे उत्पादन त्याच्या अपेक्षेहून पुष्कळच वाढले. तरीही माणसे आणि अन्न यांचा मेळ कसा बसावा, याचा विचार करण्यास त्याने जगाला प्रवृत्त केले. मात्र एका देशाचे माप दुसऱ्यास लावण्यापूर्वी ते कोठून आले, हे पाहिलेच पाहिजे.