नारोशंकर आणि आमचा रेडिएटर

मागे गाद्या टाकलेली आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर मालेगावहून आग्रा रोडने झाशीला निघाली आणि बिजासन घाटातच रेडिएटर उकळला. शिवपुरीजवळ फॅनबेल्ट तुटला. कशीबशी पोचलो.

झाशीच्या किल्ल्यातला शंकरगड नारोशंकर राजेबहाद्दरांनी वाढवला. आपला मोसमकाठचा भुईकोट त्यांचाच, नाशिकची प्रसिद्ध घंटाही त्यांच्याच देवळातली! मी कॉन्व्हेंटचा, मला पत्ताच नव्हता. १७४२ मध्ये ते झाशीचे सुभेदार झाले. पानिपतच्या वेळी दिल्ली त्यांच्या ताब्यात होती. १४ जानेवारी १७६१ ला पुढचं सैन्यच संपलं आणि कडाक्याच्या थंडीत माणसं सांभाळत त्यांना दिल्ली सोडावी लागली. मेकॅनिक चार तास आला नाही म्हणून आम्ही केवढे भांडलो होतो!

१७७५ मध्ये ते वारले. परतल्यावर मी पहिल्यांदाच आपला किल्ला नीट पाहिला.