अलेक्झांडर फ्लेमिंग : बुरशीतून आलेलं औषध

बुरशी म्हटलं की मुलांना भाकरीवर आलेला हिरवट बुरा आठवतो. अशाच एका बुरशीतून पेनिसिलिन मिळालं. ते ओळखणाऱ्या फ्लेमिंग यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा. (बुरा आलेली भाकरी म्हणजे औषध नव्हे, हेही बजावा. पोरं काय करतील नेम नाही!)

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये शेतकऱ्याच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असताना वडील गेले. पुढे लंडनला जहाज कंपनीत चार वर्षं कारकुनी केली. मग वारसाने थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे ते डॉक्टर झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी जखमा चिघळून सैनिक मरताना पाहिले. जखमेत ओतलेली जंतुनाशकं खोलवरच्या जंतूंपर्यंत पोचत नव्हती, उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच मारत होती.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर जंतू वाढवलेल्या एका बशीत त्यांना बुरशी दिसली. तिच्याभोवतीचे जंतू विरघळले होते.

गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. पण खरी कसोटी पुढेच होती. बुरशीचा रस शुद्ध करणं फ्लेमिंग यांना जमलं नाही. दहा-बारा वर्षांनी ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी जमवलं. १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला औषध दिलं, तो सुधारूही लागला. औषध इतकं थोडं, की त्याच्या लघवीतून परत काढून टोचलं. तरी संपलंच आणि तो वारला. नंतर अमेरिकेत बाजारातल्या एका खरबुजावर भरपूर पेनिसिलिन देणारी बुरशी सापडली. आपल्या तापीकाठच्या मुलांना हे खरबूज नक्की लक्षात राहील.

१९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंग यांनी इशारा दिला, की डोस अपुरा पडला तर जंतू मरत नाहीत, औषधाला दाद न देणारे होतात. आपल्याकडे मात्र ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात आणि पुढच्या वेळी धाकट्याला दिल्या जातात. पालकसभेत हा विषय घ्याच. शिरपूरच्या फार्मसी कॉलेजातलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांनाही बोलवा.

११ मार्च १९५५ ला फ्लेमिंग वारले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं.