कमला सोहोनी : बटाट्यातील लोहापासून नीरेपर्यंत

लोखंड गंजते हे सर्वांना ठाऊक असते. पण तेच लोह प्रथिनाच्या घडीत बांधले गेले म्हणजे सजीवांच्या श्वसनाचा कारभार चालविते, याची जाणीव थोड्यांनाच असते. पेशीतील सायटोक्रोम-सी हे असेच लोहाचे जटिल संयुग होय. आमच्या परतवाड्याच्या बाजारातील अडत्या एका हाताने माल घेतो, दुसऱ्या हाताने देतो आणि पुढच्या सौद्याला मोकळा राहतो. हे लोहही एका रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन दुसऱ्यास देते आणि पुन्हा मोकळे होते. वनस्पतींच्या पेशींतील ऑक्सिडीकरणातही सायटोक्रोम-सीचा वाटा असतो, हे बटाट्यावरील कामातून दाखविणाऱ्या संशोधिका मराठी होत्या : डॉ. कमला सोहोनी.

आज धातूंची अशी संयुगे विद्युत्‌अग्रावर बसवून ऑक्सिडीकरण घडविण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. पाण्यापासून हायड्रोजन स्वस्तात मिळवावयाचा तर पाण्याचे ऑक्सिडीकरण थोड्या विजेत व्हावयास हवे. रुथेनियम, इरिडियम हे धातू त्यात तरबेज खरे, पण दुर्मीळ आणि महाग. निसर्गाने मात्र लोह, मँगनीज यांसारख्या स्वस्त धातूंवर आपला संसार भागविला आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात डोकावण्याचे कारण एवढेच.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला, भागवत घराण्यात झाला. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ; दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो नाकारला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, इतकेच. नोबेल पारितोषिकाने दृष्टी सर्वच दिशांना विशाल होते असे नाही. कमलाबाई स्वतः बंगलोरला जाऊन ठाण मांडून बसल्या आणि एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. तेथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. अपमान मात्र कमलाबाई अखेरपर्यंत विसरल्या नाहीत. तो विसरावयास हवा होता असे आम्हांसही वाटत नाही.

केंब्रिजला त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम केले. सायटोक्रोमचा शोध तेथलाच. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. जाड प्रबंधांचे ओझे वाहणाऱ्या आमच्या विद्यापीठांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा!

परदेशी राहणे त्यांना अशक्य नव्हते, त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि पुढे मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला. मुंबईत त्यांनी गरिबाच्या ताटातील पदार्थ, म्हणजे कडधान्ये, तांदळाचे पीठ, ताडाची नीरा, तपासण्यास घेतले. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असून कुपोषित मुले व आदिवासी गर्भवती यांना तिचा लाभ होतो, असे त्यांच्या कामातून दिसले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. परतवाडा हे मेळघाटाचे दार. १९९० नंतरच्या दशकात तेथील बालमृत्यूंनी साऱ्या राज्याला हादरविले, तेव्हा हे संशोधन होऊन कित्येक वर्षे लोटली होती. प्रयोगशाळेतील ज्ञान घाट चढून कोरकूंच्या पाड्यावर का पोहोचले नाही, याचा जबाब रसायनशास्त्राकडे नाही. तो शासनाच्या हिशेबवहीत शोधावा लागेल.

विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला उशिराच आले. १९६९ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक चळवळीत शिरून त्यांनी भेसळ ओळखण्याच्या घरगुती युक्त्या गृहिणींना शिकविल्या, ग्राहकांच्या नियतकालिकात लिहिले. १९९८ साली वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.